तीन मिनिटांचा डाव आणि रिजेक्शनची वही

दुसऱ्या पाळीची बस रात्री सव्वाबाराच्या सुमारास देहूच्या कमानीपाशी सोडते. तिथून आमचे घर दहा मिनिटांवर. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात अशाच एका रात्री दार उघडून आत आलो, तर थोरल्याच्या गोधडीतून निळा उजेड येत होता. दहावीचे वर्ष. गोधडी बाजूला केली तेव्हा पोराचा अंगठा मोबाइलवर सपासप फिरत होता आणि वर कोपऱ्यात सेकंद पळत होते. "अब्बू, फक्त चाळीस सेकंद राहिलेत," एवढेच तो म्हणाला. चाळीस सेकंदांनी तो हरला.

हा लेख आम्ही नवरा-बायकोने मिळून लिहिला आहे. एक जण चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पाळीने जातो, दुसरी घरी शिवणकाम करते. म्हणून "आम्ही" म्हणतो ते खरोखरचे दोघे. जिथे एकट्याचे सांगायचे तिथे मुलाच्याच शब्दांत अब्बू आणि अम्मी म्हणू.

मुलगा बुद्धिबळ शिकला तो २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. तेव्हा आम्हाला बरेच वाटले. पोरगं घरात बसून डोकं चालवतंय, गल्लीत भटकत नाही. पण आम्हाला बुद्धिबळ म्हणजे पट मांडून दोघांनी तास-दीड तास बसायचे, एवढेच माहीत. मोबाइलवरचा खेळ निराळा आहे. त्यात "ब्लिट्झ" नावाचा प्रकार असतो. प्रत्येकाला संपूर्ण डावासाठी मिळून तीन किंवा पाच मिनिटे. घड्याळ संपले की पटावर तुमचे चार मोहरे जास्त असले तरी सहसा तुम्ही हरलात. "बुलेट"मध्ये तर एकच मिनिट. त्याहून सावकाश, दहा-पंधरा मिनिटांचा तो "रॅपिड". तीन मिनिटांचा डाव जास्तीत जास्त सहा मिनिटांत आटोपतो. म्हणून तो एकच कधी खेळला जात नाही. हरलो की भरपाईसाठी आणखी एक, जिंकलो की हात चांगला चालतोय म्हणून आणखी एक. रोजचे पंचवीस डाव धरले तर अडीच तास गेले, आणि झोप गेली ती वेगळी. फजरला उठवताना जी ओढाताण व्हायची तिचे कारण आम्हाला तेव्हा कळले.

दुसरी गोष्ट आणखी वाईट निघाली. मोबाइल अम्मीचा, शिवणाच्या ऑर्डरींसाठी घेतलेला. त्यातल्या पैशांच्या नोंदी चाळताना पन्नास, पन्नास, शंभर अशा रकमा गेलेल्या दिसल्या. तीन आठवड्यांत सातशे रुपये. वर्गातल्या पोरांनी डावावर पैज लावायला सुरुवात केली होती.

त्या रात्री घरात मोठा वाद झाला, आणि तो फक्त मुलाशी नव्हता. अब्बूंचे म्हणणे, हा खेळच घरात नको. अब्बूंचे घर हनफी, आणि हनफी उलेमांनी शतरंजला कडक शब्दांत मकरूह म्हटले आहे. अम्मीचे माहेर कोकणातले, शाफई मसलकाचे. तिथे लहानपणापासून ऐकलेले असे की पैज नसेल, नमाजला उशीर होत नसेल, तोंडात शिवी येत नसेल, तर हा खेळ हराम नाही, जरी पसंतीचाही नाही. आम्ही कोणी मुफ्ती नाही. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पण पैज आणि नमाज या दोन गोष्टींवर दोन्ही घरांचे एकमत होते. त्यावरच आम्ही तडजोड केली. पैसे संपले, कायमचे. सातशे रुपये त्याने सुट्टीत दुकानावर काम करून फेडायचे. इशानंतर मोबाइल शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये. आणि खेळायचेच असेल तर असे खेळायचे की वर्षभर त्याच जागी अडकून राहणार नाही.

हा शेवटचा मुद्दा आमच्या डोक्यात कसा आला ते सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. ऑनलाइन खेळणाऱ्याला एक रेटिंग असते. जिंकले की वाढते, हरले की घटते. अब्बूंनी त्या रात्री विचारले, "किती डाव झाले आजवर?" चार हजारांहून जास्त. "आणि रेटिंग?" अकराशे ऐंशी. "वर्षापूर्वी किती होते?" तो गप्प. वर्षापूर्वीही अकराशे ऐंशीच्या आसपासच होते. एखादा फिटर चार हजार नग बनवून पहिल्या दिवसाइतकेच नग बाद करत असेल तर सुपरवायझर त्याला आणखी नग बनवायला सांगत नाही. मशीन थांबवतो आणि नग का बाद होताहेत ते बघतो.

चाकणच्या लाइनवर हे रोज घडते. बाद झालेला प्रत्येक भाग लाल पेटीत जातो आणि समोरच्या तक्त्यावर कारण लिहावे लागते. भोक सरकले, कड राहिली, चरा पडला. आठवड्याने मोजले की दिसते, दहा कारणांपैकी दोन-तीनच कारणे बहुतेक माल खातात. आधी त्यांनाच हात घालायचा. अब्बूंनी दुसऱ्या दिवशी एक दोनशे पानी वही आणली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत "रिजेक्शन" लिहिले. हरलेला डाव, तारीख, कारण. कारण एका शब्दात, जास्तीत जास्त दोन. "नशीब" लिहायचे नाही. "समोरचा चीटिंग करत होता" हेही नाही.

साठ हरलेले डाव भरायला तीन आठवडे लागले. मग रविवारी चहा घेत तिघांनी मोजणी केली. वेळ संपून १९. मोहरा फुकट दिला १७. घोड्याचा दुहेरी मारा ९. शेवटच्या रांगेत मात ६. सुरुवातीलाच वजीर-उंटाच्या हल्ल्यात ५. बाकी किरकोळ ४. मुलाची पक्की समजूत होती की आपल्याला "ओपनिंग", म्हणजे सुरुवातीच्या चाली, येत नाहीत. त्यासाठी तो तासन्‌तास व्हिडिओ बघायचा. वहीत सुरुवातीची कारणे पाचच! आणि वेळ संपून हरलेल्या एकोणीस डावांपैकी अकरांत तो जिंकत होता. ते अकरा डाव बघताना त्याचा चेहरा पडला होता.

इथे थोडे थांबून वेगाविषयी सांगायला हवे. आमची समजूत होती की भरभर खेळणारा भरभर विचार करतो. तसे नसते. १९७३ साली अमेरिकेतील विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी मुरलेल्या आणि नवख्या खेळाडूंना पाच सेकंद पट दाखवला आणि आठवून मांडायला सांगितला. खऱ्या डावातली स्थिती असेल तर मुरलेला खेळाडू नवख्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरे जागच्या जागी ठेवी. तेच मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले तर त्याची गत नवख्यासारखीच. म्हणजे त्याची स्मरणशक्ती जगावेगळी नव्हती. त्याने ती स्थिती आधी शेकडो वेळा पाहिली होती, म्हणून ओळखली. तीन मिनिटांत विचार करायला वेळ नसतोच. असते ती ओळख, आणि ओळख सावकाश, पुन्हा पुन्हा पाहूनच होते.

हे आपल्या इतिहासातही सापडते. अब्बासी काळात बगदादमध्ये शतरंजचे मोठे उस्ताद होते. नवव्या शतकातले अल-अदली, दहाव्या शतकातले अस-सुली. खलिफा अल-मुक्तफींच्या दरबारात अस-सुलींनी तिथल्या नावाजलेल्या खेळाडूला हरवले होते. या उस्तादांच्या ग्रंथांत "मन्सूबा" नावाची कोडी असायची. पटावर एक नेमकी स्थिती मांडायची आणि विचारायचे, इथून मात कशी? सबंध डाव नाही, डावाचा तेवढाच तुकडा. आज मोबाइलवर ज्याला "पझल" म्हणतात तेच हे. अस-सुलींचे एक कोडे तर सुमारे हजार वर्षे कोणाला सुटले नव्हते. १९८० च्या दशकात रशियाचे ग्रँडमास्टर युरी अव्हरबाख यांनी ते सोडवले.

मन्सूब्यांतल्या एकाची दंतकथा अम्मीने मुद्दाम मुलांना सांगितली. एक अमीर पैजेच्या नादात सगळे हरतो आणि शेवटी पत्नी दिलारामलाच पणाला लावतो. तो डावही हातून जाऊ लागतो, तेव्हा पडद्याआडून पाहणारी दिलाराम त्याला सुचवते, दोन्ही हत्ती दे पण मला वाचव. हत्ती देऊन तो मात करतो. कथेत चाल बायकोला दिसली आणि पैज लावणाऱ्याला दिसली नाही, यावर धाकटी खूप खूश. थोरल्याने सातशे रुपयांचा विषय निघण्याआधीच पाणी प्यायला पळ काढला.

आता वहीतल्या एकेका कारणाचे काय केले ते.

घोड्याचा मारा सर्वांत लवकर आटोक्यात आला. त्याचे गुपित साधे आहे. घोडा ज्या रंगाच्या घरात उभा असतो त्याच्या विरुद्ध रंगाच्या घरांवरच मारा करतो. म्हणजे एका जागेवरून तो फक्त काळ्या किंवा फक्त पांढऱ्या घरांनाच मारू शकतो. तुमचा राजा आणि वजीर एकाच रंगाच्या घरांत असतील आणि समोरचा घोडा जवळ असेल, तर तिथे धोका. वेगवेगळ्या रंगांवर असतील तर एका घोड्याला दोघांवर एकदम मारा करता येणार नाही. ही एक नजर टाकायला अर्धा सेकंद पुरतो, पण त्या अर्ध्या सेकंदाची सवय लागायला दोन महिने गेले.

शेवटच्या रांगेतली मात म्हणजे आपल्याच प्याद्यांमागे राजा कोंडलेला आणि समोरचा हत्ती किंवा वजीर शेवटच्या रांगेत घुसतो. उपाय, सवड मिळेल तेव्हा कडेचे प्यादे एक घर पुढे करून राजाला खिडकी ठेवायची. अम्मीने शिलाई मशीनवर चिठ्ठी चिकटवली, "खिडकी?"

सराव कसा करायचा, ते मात्र मामांकडून आले. अम्मीचे भाऊ हाफिज आहेत. हिफ्झच्या वर्गात रोजचे तीन भाग असतात. सबक म्हणजे आजचा नवा धडा, सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांतला, आणि मंझिल म्हणजे जुने पाठ झालेले. नवे कितीही चांगले झाले तरी जुने न म्हणता उस्ताद पुढे जाऊ देत नाहीत. कलामे पाकच्या हिफ्झची आणि एका खेळाची बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही, तौबा. फक्त वेळापत्रक उसने घेतले. रोज दहा नवी कोडी, सगळी एकाच कारणाची. मग आठवड्यातली आधीची तीस. आणि रविवारी जुनी सगळी. कोडी "लिचेस" या संकेतस्थळावर फुकट मिळतात. २०१० साली फ्रान्सच्या तिबो द्युप्लेसी यांनी ते सुरू केले. त्यावर जाहिराती नाहीत. कोडी खऱ्या डावांतून काढलेली आणि विषयवार लावलेली आहेत. घोड्याचा मारा निवडला की तेवढेच येते. आपला हरलेला डाव उघडून "चुकांतून शिका" म्हणता येते, मग जिथे घसरलो तीच स्थिती पुन्हा पुढे येते. पालकांसाठी आणखी एक, त्यात मुलांसाठीची सोय चालू केली की अनोळखी माणसांचे संदेश बंद होतात. आम्ही धाकटीसाठी ती पहिल्याच दिवशी लावली.

पहिल्या खेपेला घोड्याच्या तीस कोड्यांना एक्केचाळीस मिनिटे लागली, अकरा चुकली. चौथ्या खेपेला सहा मिनिटे, एक चूक. एक अट होती. उत्तर नुसते दाबायचे नाही, कारण तोंडाने बोलायचे. नाहीतर पोरे उत्तर पाठ करतात, स्थिती नाही. ही युक्ती आमचीच आहे असे नाही. स्वीडनचे हान्स टिक्कनेन यांनी एकच कोड्यांचा संच पुन्हा पुन्हा, दर वेळी कमी वेळात सोडवला आणि २०१० मध्ये सात आठवड्यांत ग्रँडमास्टर किताबाचे तीनही नॉर्म मिळवले.

वेळ संपून हरण्याचे दुखणे मात्र हट्टी निघाले. सुरुवातीच्या पाच-सहा चाली ठरलेल्या ठेवून तिथे वेळ वाचवला. पूर्ण "तीन मिनिटे" सोडून "तीन मिनिटे आणि प्रत्येक चालीला दोन सेकंद जास्त" असा डाव निवडला. पण खरा घोळ शेवटी होता. समोर एकटा राजा, आपल्याकडे वजीर, घड्याळात पंधरा सेकंद, आणि पोरगं गोंधळतं. एकदा वजीर अशा जागी ठेवला की समोरच्या राजाला चालच उरली नाही आणि शहही नव्हता. डाव बरोबरीत! मग रोज पाच मिनिटे संगणकाविरुद्ध फक्त वजिराने मात आणि हत्तीने मात, घड्याळ लावून. वजिराची मात वीस सेकंदांत बसली. हत्तीची अजूनही कधी बसते, कधी नाही.

मोहरा फुकट देणे हे घाईचे दुखणे, आणि ते घाईच्या डावात बरे होत नाही. इथे शेजारचे आबा कामी आले. माळकरी माणूस, एकादशी चुकवत नाहीत, बुद्धिबळ मात्र जुन्या देशी पद्धतीचे. प्यादे पहिल्यांदाही एकच घर चालणार, राजाला एकदा घोड्याची उडी. रविवारी दुपारी त्यांच्या ओट्यावर पट मांडला जातो आणि एक डाव दोन तास चालतो. मुलाने झटकन हात पुढे केला की आबा त्याचे मनगट धरतात आणि म्हणतात, "आधी माझ्याकडं काय आहे ते सांग." समोरच्याने आता काय मारायला ठेवलंय, हा प्रश्न त्याच्या अंगात तिथे मुरला. मोहरा फुकट देण्याच्या नोंदी साठात सतरावरून साठात सातवर आल्या.

देशी पद्धतीवरून सुलतान खान यांची आठवण येते. अखंड हिंदुस्थानातल्या पंजाबचे, मीर सुलतान खान. ते देशी बुद्धिबळ शिकलेले. १९२९ साली आपले मालक सर उमर हयात खान यांच्याबरोबर ते लंडनला गेले. तिथे त्यांच्यासाठी एक सरावस्पर्धा ठेवली, तर ते तळाला राहिले, कारण युरोपी पद्धतीच्या सुरुवातीच्या चाली त्यांना ठाऊक नव्हत्या. म्हणून येट्स आणि विंटर या दोन खेळाडूंनी त्यांची तयारी करून घेतली. त्याच उन्हाळ्यात ते ब्रिटिश विजेते झाले, मग १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. १९३३ चे महिलांचे ब्रिटिश विजेतेपद त्याच घरातल्या फातिमांनी जिंकले. सुलतान खानांना मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला तो २०२४ मध्ये, त्यांच्या इंतकालानंतर ५८ वर्षांनी.

आपल्या महाराष्ट्रातला ताजा दाखला सगळ्यांना माहीत आहे. २८ जुलै २०२५, जॉर्जियातले बाटुमी. नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी, महिला विश्वचषकाची अंतिम फेरी. दोन मोठे डाव बरोबरीत सुटले, मग रॅपिड, प्रत्येकीला पंधरा मिनिटे आणि चालीमागे दहा सेकंद. त्यातला पहिला बरोबरीत. दुसऱ्यात हंपी घड्याळाच्या कचाट्यात सापडल्या आणि दिव्या जिंकली. हंपी तेव्हा रॅपिडच्या जगज्जेत्या होत्या, तरीही. दिव्या त्या दिवशी भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. आमच्या घरी तो डाव तिघांनी बघितला. आम्हाला चाली कळत नव्हत्या, पण मुलगा अधूनमधून म्हणत होता, "अम्मी, वेळ बघा, वेळ."

एक वर्ष झाले. रेटिंग अकराशे ऐंशीवरून चौदाशे साठपर्यंत आले, मध्ये दोनदा घसरले. रोज असरनंतर सहा डाव, जास्त नाही. सलग दोन हरले की मोबाइल ठेवायचा, हा नियम त्यानेच केला, कारण वहीतून दिसले की तिसरा डाव तो रागात हरतो. नियम तो महिन्यातून तीन-चारदा मोडतो. दहावीला किती मिळाले ते इथे लिहायचे नाही, अशी त्याची अट आहे.

मध्यंतरी निगडीला एका शाळेच्या हॉलमध्ये रॅपिडची स्पर्धा होती. सात फेऱ्यांत चार गुण. त्यातला एक डाव जिंकत असताना हरला. मोबाइलवर चाल केली की घड्याळ आपोआप बदलते. खऱ्या घड्याळाचे बटण मोहरा हलवलेल्या हातानेच दाबावे लागते, आणि ते दाबायलाच तो विसरला. पाच मिनिटे समोरचा मुलगा शांतपणे बसून राहिला. परतताना देहूरोडला लोकलमधून उतरेपर्यंत पोरगं एक शब्द बोललं नाही. घरी आल्यावर वहीत नवे कारण चढले, "बटण".

आता धाकटीनेही स्वतःची वही मागून घेतली आहे. पहिल्या पानावर एकच नोंद आहे. "हत्ती फुकट दिला. भाईजान मध्ये बोलत होते." कारण दोन शब्दांपेक्षा मोठे झाले म्हणून अब्बूंनी ते परत लिहायला सांगितले आहे.